चेंडू नसलेल्या पायांचा खेळ

रत्नागिरीत बसून फुटबॉलचं रसग्रहण करायचं म्हणजे पंचाईतच. कोल्हापूरकरांकडे फुटबॉल आहे, बांगडा नाही. आमच्याकडे बांगडा आहे, फुटबॉल नाही. मारुती मंदिराजवळच्या शिवाजी स्टेडियमपासून भाट्याच्या वाळूपर्यंत जिथे म्हणून बावीस पावलं सपाट जागा मिळेल, तिथे टेनिस बॉलचं क्रिकेट चालतं. पावसाळ्यात ते बंद पडलं की पोरं चिखलात फुटबॉलला लाथा घालतात, तेवढाच काय तो आमचा फुटबॉल. त्या खेळाला नियम एकच, चेंडू जिकडे, सगळे तिकडे. वीस पोरांचा एक गोळा मैदानभर फिरत असतो आणि त्या गोळ्याच्या पोटात कुठेतरी चेंडू असतो. मी त्याच गोळ्यात वाढलो. त्यामुळे मोकळ्या मैदानावर अकरा माणसं एकमेकांपासून लांब उभी राहतात आणि तरीही एकत्र असतात, ही गोष्ट मला फार उशिरा, तिशी उलटल्यावर, मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर कळली. समजावून देणारा संघ होता धेंपो स्पोर्ट्स क्लब.

गोवा आम्हाला परका नाही. कोकण रेल्वेनं चार-पाच तासांचा प्रवास. जाताना भात लावलेले तेच मळे, तेच जांभे दगडाचे गडगे, तीच माडांची रांग. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाखांच्या वर होती आणि अख्ख्या गोव्याची साडेचौदा लाखांच्या आसपास. म्हणजे माणसं आमच्याकडे जास्त. आणि त्या एवढ्याशा गोव्यानं काय करून ठेवलं पाहा. २००४-०५ ते २०१२-१३ या नऊ मोसमांत भारताचं लीग विजेतेपद आठ वेळा गोव्यात गेलं. पाच वेळा धेंपो, दोनदा चर्चिल ब्रदर्स, एकदा साळगावकर. मधलं एक, २००५-०६चं, मुंबईच्या महिंद्र युनायटेडनं अडवलं. कोलकात्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या दोन बलाढ्य क्लबांना या नऊ वर्षांत एकदाही मुकुट मिळाला नाही. लाखाची गर्दी जमवणाऱ्या शहरानं मागे राहावं आणि ज्याचं सगळं स्टेडियम भरलं तरी शिगमोत्सवाच्या मिरवणुकीपेक्षा गर्दी कमीच वाटावी, अशा प्रांतानं पुढे जावं, याचं कारण नुसत्या आकड्यांत सापडत नाही.

आधी नावाचं सांगतो, कारण मराठी माणसाला तिथेच अडखळायला होतं. मूळ आडनाव धेंपे. पोर्तुगिजांच्या रोमन लिपीत जाताना त्याचं धेंपो झालं. पणजीत मिरामारला धेंपे कॉलेज आहे, तिथे मूळ उच्चार टिकून आहे. क्लबाच्या नावात पोर्तुगीज वळण राहिलं. एकाच घराची दोन नावं, एक पाटीवर आणि एक जर्सीवर. घर खाणींचं आणि जहाजांचं. क्लबाची मुळं डिचोलीतल्या एका जुन्या क्लबात, १९६०च्या दशकातली. धेंप्यांची खाणही डिचोलीचीच. गोव्यातले मोठे क्लब असेच खाणमालकांच्या आणि व्यापाऱ्यांच्या घरांनी पोसले. आपल्याकडे पैसेवाल्यानं देवळाचा जीर्णोद्धार करावा, नाटक कंपनीला आश्रय द्यावा, तसा तिकडे फुटबॉल संघ. धेंप्यांच्याच घरातलं 'नवप्रभा' हे मराठी दैनिक. मडगाव स्टेशनवर ते विकत घेऊन परतीच्या गाडीत आदल्या दिवशी स्वतः पाहिलेल्या सामन्याचं वर्णन वाचायचं, हा माझा ठरलेला उद्योग. आपण पाहिलेलं दुसऱ्यानं काय पाहिलं, हे ताडून बघण्यात वेगळीच गंमत असते.

धेंपोची जुनी पिढी मी पाहिली नाही. ती माझ्या मामानं पाहिली, मुंबईत, कूपरेजवर. रोव्हर्स चषक ही १८९१पासूनची स्पर्धा. सत्तरचं दशक संपता संपता धेंपोनं तो जिंकला आणि १९८६ मध्ये पुन्हा नेला. मामा तेव्हा गिरणीतून सुटून डबा हातात घेऊनच सामन्याला जायचे. ते सांगायचे, 'गोयंकार बॉल गवतावरनं नेतात, हवेत उडवीत नाहीत.' माझ्या लेखी मामांचं हे वाक्य म्हणजे धेंपोच्या खेळावरची पहिली समीक्षा. पन्नास शब्दांत सांगता आलं असतं ते त्यांनी सहा-सात शब्दांत सांगितलं होतं.

मला जो धेंपो भेटला तो प्रशिक्षक आर्मांद कुलासोंचा. २००० साली कुलासोंनी संघ हाती घेतला तेव्हा तो राष्ट्रीय लीगमधून खाली घसरला होता. तिथून वर येऊन २००३-०४ला ईस्ट बंगालच्या पाठोपाठ दुसरा क्रमांक, आणि २००४-०५ला २२ सामन्यांत ४७ गुण घेऊन विजेतेपद. गोव्याचाच स्पोर्टिंग क्लब दोन गुणांनी मागे. मग २००६-०७. मग राष्ट्रीय लीगचं नाव बदलून आय-लीग झाल्यावर तिचा पहिलाच मोसम, २००७-०८. तेव्हा चर्चिल आणि धेंपो दोघांचे ३६-३६ गुण झाले आणि धेंपो पुढे राहिला. मग २००९-१० आणि २०११-१२. मधल्या काळात २००४चा फेडरेशन चषक, २००६चा ड्युरँड चषक. २००८ मध्ये आशियाई पातळीवरच्या एएफसी चषकात उपांत्य फेरी. तिथे लेबनॉनच्या साफा क्लबनं वाट अडवली. यादी इथे संपवतो. एवढीच यादी करायची असती तर मी लिहायला बसलो नसतो.

पहिल्यांदा फातोर्ड्याला गेलो तेव्हा माझ्या डोळ्यांना रत्नागिरीचीच सवय. चेंडू जिकडे, नजर तिकडे. दहा मिनिटांत मान दुखायला लागली. शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, शेंगदाण्यांची पुडी मांडीवर, डोक्याला ऊन लागू नये म्हणून रुमाल. त्यांची नजर चेंडूवर नव्हतीच. चेंडू डावीकडे गेला की हे उजवीकडे बघत. मला वाटलं, डोळ्यांत काही दोष असावा. शेवटी माझी मान टेनिसच्या प्रेक्षकासारखी हलताना बघून त्यांनाच दया आली. म्हणाले, 'बॉलाक पळोवं नाका, भुरग्यांक पळय.' चेंडूकडे बघू नकोस, पोरांकडे बघ. आणि मग बोट दाखवून सांगायला लागले, हा बघ कुठे चाललाय, तो बघ का थांबलाय. त्या दीड तासात मला जे मिळालं ते मला कोणत्याही पुस्तकानं दिलं नसतं.

चेंडू सोडून पाहिलं की धेंपोचा खेळ वेगळाच दिसे. किनाऱ्यावर राहणाऱ्याला त्यातली एक गोष्ट लगेच ओळखू येते. ती म्हणजे रापण. होडीतून जाळं सोडत सोडत समुद्रात मोठं अर्धवर्तुळ काढतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात. मग दोन रांगा. दोर कमरेशी अडकवून माणसं पाठमोरी, टाचा वाळूत रुतवत, एकेक पाऊल मागे. मागच्या टोकाला पोचलेला माणूस दोर सोडतो, चालत पुन्हा पाण्यापाशी येतो आणि पुढचा दोर धरतो. तासभर पाण्यावर काही म्हणजे काही दिसत नाही. नवखा बघणारा कंटाळून घरी जातो. पण दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकत असतात. एक बाजू जोरात ओढली गेली आणि दुसरी ढिली पडली तर मासळी निसटते, म्हणून वेग सारखा ठेवावा लागतो. आणि मग एकदम, शेवटच्या दहा वावांत, पाणी उकळल्यासारखं होतं.

धेंपो बहरात असताना नेमकं हेच करत असे. डावीकडे क्लिफर्ड मिरांडा, उजवीकडे अँथनी परेरा, ही रापणीची दोन टोकं. चेंडू क्लिफर्डकडे असला तरी अँथनी आत धावत यायचा नाही. रेषेला चिकटून उभा. आपल्याकडची पोरं असती तर केव्हाच धावली असती. अँथनी तिथे उभा आहे म्हणून समोरच्या संघाच्या एका बचावपटूला तिथे उभं राहावं लागतं, आणि तो तिथे आहे म्हणून मध्ये चार पावलांची फट राहते. ज्याच्याकडे चेंडू येतच नाही असा माणूस नुसतं उभं राहून जागा तयार करतो, हे मला म्हाताऱ्यांनी बोटानं दाखवलं नसतं तर मी जन्मभर त्याला आळशी म्हणत बसलो असतो.

आणि त्या फटीची वाट बघत असायचा बेटो. ब्राझीलचा हा मध्यरक्षक धावण्यात कोणाच्या लक्षात राहिला असेल असं वाटत नाही. त्याची खासियत होती थांबण्यात. चेंडू पायाशी आला की बाकी खेळाडू पुढे बघतात. बेटो चेंडू यायच्या आधीच पुढे बघून घेई. त्यामुळे चेंडू पायाशी असताना त्याच्याकडे एक अख्खा क्षण फुकटचा शिल्लक राही. तो क्षण तो खर्च करायचा नाही. बचावपटू अंगावर यायची वाट बघायचा, कारण तो अंगावर आला की त्याची जागा रिकामी होते. मग पायाच्या आतल्या बाजूनं, जोर न लावता, गवताला चिकटून जाणारा एक पास. मामांचं वाक्य मला तिथे आठवे.

पास जायचा कुठे, तर जिथे कोणी नाही तिथे. आणि तिथे पोचायचा रँटी मार्टिन्स. नायजेरियाहून २००४च्या सुमारास धेंपोत आलेला हा आघाडीपटू २०१२पर्यंत राहिला, आणि जाता जाता २०११-१२च्या २६ सामन्यांच्या मोसमात ३२ गोल करून गेला. ताकदीचा गडी, म्हणून लोक त्याला ताकदीसाठीच वाखाणत. मला त्यात अर्धसत्य वाटतं. रँटीची पहिली दोन पावलं बघण्यासारखी असत. बचावपटूच्या पाठीमागून तो आधी एक पाऊल चेंडूच्या दिशेनं यायचा, म्हणजे बचावपटूही एक पाऊल पुढे. आणि लगेच उलट फिरून मागच्या रिकाम्या जागेत. हे उलट फिरणं आणि बेटोचा पाय चेंडूला लागणं, एकाच क्षणी. आधी कोण, नंतर कोण, हे सांगता येत नसे. मैफलीत गायक समेवर यायच्या आत तबलजीची बोटं तिथे असतात आणि कोणी कोणाला खूण केलेली दिसत नाही, तसलं काहीतरी. असं एकमेकांना ओळखणं एका मोसमाच्या सरावानं येत नाही, वर्षानुवर्षं एकमेकांसोबत जेवावं लागतं.

इथे माझ्या मते धेंपोच्या यशाची किल्ली आहे. कुलासोंनी संघ घडवला तो टिकवून. क्लिफर्ड, समीर नाईक, महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स, अँथनी परेरा हे गोव्याचे पोरगे वर्षामागून वर्षं एकाच जर्सीत. दरवर्षी मोसम संपला की खेळाडूंची उचलाउचल व्हायची, कोलकात्याचे क्लब थैल्या उघडायचे, आणि धेंपोचा गाभा जिथल्या तिथे राहायचा. स्वतः कुलासो २०००पासून २०१३पर्यंत. भारतात प्रशिक्षकाला एका मोसमात दोन वेळा बदलायची पद्धत असताना तेरा वर्षं एकच माणूस! २०११ मध्ये भारतीय संघाची धुराही काही काळ त्यांच्याकडे आली, आणि २०२४चा द्रोणाचार्य पुरस्कार त्यांना जीवनगौरव म्हणून मिळाला. उशिरा का होईना.

बचावाबद्दल लिहिताना हात आखडतो, कारण बचावाचं सौंदर्य बघणाऱ्याला काहीच न घडण्यात शोधावं लागतं. महेश गवळी उत्तम खेळला त्या दिवशी तो कोणाच्या लक्षात राहत नसे. अंगाला झोंबून चेंडू काढून घेणं, जमिनीवर घसरत जाऊन पाय मारणं, हे त्याला आवडत नसावं. तो आधीच तिथे असे. प्रतिस्पर्ध्यानं पास द्यायला पाय उचलला की त्याला समोर गवळी दिसे आणि पाय खाली येई. टाळ्या वाजवाव्यात असं काही घडतच नसे. गोव्याच्या फुटबॉलला या गुणाची जुनी ओळख आहे. १९८३-८४ला ब्रह्मानंद शंखवाळकर गोलात उभे असताना गोव्यानं संतोष चषक एकही गोल न खाता जिंकला होता. संपूर्ण स्पर्धेत एकही नाही. म्हणजे काहीच न घडू देण्याची कला तिकडे आधीपासून मुरलेली.

क्लायमॅक्सची गोष्ट वेगळी. आईबापांनी असलं नाव ठेवल्यावर माणसानं शेवटच्या क्षणाला काहीतरी करून दाखवणं भाग आहे. २००८च्या एएफसी चॅलेंज चषकात हैदराबादला भारत-अफगाणिस्तान सामना गोलशून्य संपणार असं सगळ्यांनी धरलं होतं. भरपाईच्या वेळेत क्लायमॅक्सनं गोल केला. पुढे भारतानं तो चषक जिंकला आणि २०११च्या आशियाई चषकाचं दार उघडलं. पण धेंपोत त्याला पाहिलेल्यांना तो या गोलासाठी आठवत नाही. तो मधल्या फळीतला कमरेचा दोर होता. दोन्ही बाजूंच्या ओढीचा वेग सारखा ठेवायचं काम त्याचं, आणि ते चाललंय तोवर त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नसे.

आता ज्या गोलाबद्दल लिहायला नको वाटतं, त्याबद्दल. ५ डिसेंबर २००४, बंगळूरुचं कांतीरवा स्टेडियम, फेडरेशन चषकाचा अंतिम सामना, समोर मोहन बागान. धेंपोच्या दहा नंबरच्या जर्सीत क्रिस्तियानो ज्युनियर, ब्राझीलचा, पंचविशीतला. पहिला गोल त्याचा. दुसरा करायला तो चेंडूमागे धावला, गोलरक्षक सुब्रत पाल बाहेर आला, चेंडू जाळ्यात गेला आणि दोघांची धडक झाली. ज्युनियर पडला तो उठलाच नाही. पाल तेव्हा अठराही पूर्ण नव्हता. धेंपो २-० जिंकला. ती चित्रफीत मी एकदा पाहिली, दुसऱ्यांदा बघायचं धाडस झालं नाही. तरीही खेळाच्या नजरेनं एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. त्या धावेत कसलाही अविचार नाही. चेंडू आणि गोलरक्षक यांच्यामधली फट दिसली आणि खऱ्या आघाडीपटूनं जे करायचं तेच त्यानं केलं. धेंपोनं नंतर दहा नंबरची जर्सी कोणाला दिली नाही. त्यानंतर इतकी विजेतेपदं आली, ती सगळी नऊ, अकरा, सात अशा जर्सींनी खेळून. जो फातोर्ड्यावर बसून मैदानावरचे आकडे मोजायचा, त्याला दहा सापडायचा नाही.

रसिकाला सगळंच आवडायला हवं असं नाही. २०१०-११च्या मोसमात धेंपोनं मुंबईच्या एअर इंडियाला १४-० हरवलं, त्यात रँटीचे सहा गोल. विक्रम म्हणून लोक तो सामना सांगतात. मला तो धेंपोच्या सगळ्यात बेचव सामन्यांपैकी एक वाटतो. प्रतिकारच नसला की बेटोच्या थांबण्याला अर्थ राहत नाही, फट शोधावीच लागत नाही, सगळं मैदानच फट. आणि गंमत अशी की एवढे गोल करूनही त्या मोसमाचं विजेतेपद साळगावकरनं नेलं.

आमच्याकडच्या एका मित्राचा मुलगा युरोपात नोकरीला आहे, बाझेलला. तो सुट्टीत आला की धेंपो थोर की तिथला क्लब, हा आमचा वाद ठरलेला. बाझेल हे स्वित्झर्लंडमधलं ऱ्हाईन नदीकाठचं शहर. तिथला एफसी बाझेल १८९३चा. या क्लबाकडून खेळलेला हान्स गाम्पर पुढे स्पेनला गेला आणि त्यानं १८९९ मध्ये एफसी बार्सेलोना काढला. लहान देशातल्या मध्यम शहरातल्या क्लबानं एवढं बीज पेरावं! २०१०पासून २०१७पर्यंत सलग आठ वेळा स्विस लीग बाझेलनं जिंकली. तो पोरगा हे छाती फुगवून सांगतो, आणि सांगायलाच हवं. पण बाझेलच्या या सोनेरी काळाची गोष्ट नीट वाचली तर ती निरोपांची गोष्ट आहे. शकीरी, झाका, इजिप्तचा मोहम्मद सलाह. सगळे बाझेलमध्ये घडले किंवा चमकले आणि मोठ्या क्लबांना विकले गेले. विकायचं, त्या पैशांतून पुढची पोरं घडवायची, पुन्हा विकायचं. लहान प्रांताच्या क्लबानं जगायचा तो एक शहाणा मार्ग. गोव्यातल्या क्लबाला असा बाजारच नव्हता. त्यानं दुसरा मार्ग धरला, पोरं आपल्याच अंगणात ठेवायची आणि त्यांना एकमेकांच्या सवयी लागू द्यायच्या. सुनील छेत्री २००९ला धेंपोत आला आणि काही महिन्यांत अमेरिकेच्या कॅन्सस सिटीला गेला, असा निरोप धेंपोच्या वाट्याला क्वचित आला. बाझेलचा खेळ मी टीव्हीवर पाहिलाय. वेग, शिस्त, सगळं वरच्या दर्जाचं. पण बेटो-रँटीसारखी वर्षानुवर्षं मुरलेली जोडी तिथे मला दिसली नाही. तशी जोडी जमायच्या आत एक जण विमानात बसलेला असायचा. मित्राचा मुलगा म्हणतो, काका, तुम्ही गोव्याचे एजंट आहात. असेन.

धेंप्यांनी २००९ मध्ये खाणीचा व्यवसाय सेसा गोवा कंपनीला १,७५० कोटी रुपयांना विकला. क्लब मात्र ठेवला. उलट त्यानंतरच दोन विजेतेपदं आली. पुढे २०१२ला गोव्यातल्या खाणीच बंद झाल्या, कुलासो २०१३ला गेले, रँटी आधीच गेला होता, आणि २०१४-१५ला धेंपो खालच्या विभागात घसरला. एका वर्षात दुसरा विभाग जिंकून वर यायचा हक्क मिळवला. आणि मग २०१६च्या जूनमध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब, तिघांनी मिळून आय-लीगमधून अंग काढून घेतलं. इंडियन सुपर लीगला देशाची सर्वोच्च लीग ठरवायची आणि आय-लीगला खाली ढकलायचं, या महासंघाच्या बेताला विरोध म्हणून. नव्या लीगमधल्या एफसी गोवा संघाच्या सुरुवातीच्या मालकांत एक धेंपोही होते आणि एक साळगावकरही, म्हणजे घरं तीच आणि दोन बाजूंना दोन पाय. माघार घेणं बरोबर होतं की चूक, यावर माझं मत दर वर्षी बदलतं. तत्त्व म्हणून पटतं. पण तत्त्वापायी क्लिफर्डच्या जागी येणाऱ्या पोरांना मोठं मैदान मिळालं नाही, हे मनाला पटत नाही.

क्लब संपला नाही. जुन्या गोव्याजवळ एलाच्या अकादमीत पोरं घडत राहिली, गोव्याच्या लीगमध्ये धेंपो खेळत राहिला. आणि २०२३-२४ला आय-लीगच्या दुसऱ्या विभागातून वर येऊन पुढच्या मोसमात तो पुन्हा आय-लीगमध्ये उतरला. वर आणणारा प्रशिक्षक समीर नाईक, त्याच जुन्या गाभ्यातला बचावपटू. महेश गवळी भारताच्या संघांबरोबर प्रशिक्षक म्हणून काम करू लागला, क्लिफर्डनं २०२३ मध्ये ओडिशा एफसीला सुपर कप जिंकून दिला. कुलासोंच्या एका संघातून इतके प्रशिक्षक निघावेत यात मला नवल वाटत नाही. चेंडू पायाशी नसताना काय करायचं हे ज्यांना वर्षानुवर्षं शिकवलं, त्यांना बाकावर बसून खेळ वाचता येणारच.

परवा पाऊस धो धो लागला होता. खाली गल्लीत पोरांचा गोळा चिखलात फुटबॉलमागे फिरत होता. मित्र घरी आला होता, तोच, ज्याचा मुलगा बाझेलला आहे. त्याला फुटबॉलचा फारसा गंध नाही. सोबतीला येऊन बसतो. मी जुन्या धेंपोच्या सामन्याची चित्रफीत लावली. चित्र खराब, आवाज फुटलेला. चेंडू डावीकडे क्लिफर्डच्या पायाशी होता आणि मी उजव्या कोपऱ्यात, पडद्याच्या अगदी कडेला, रेषेवर उभ्या असलेल्या एका ठिपक्याकडे बघत होतो. तेवढ्यात मित्राला मोबाइलवर फोन आला, तो दोन मिनिटं बोलत बाहेर गेला आणि परत येऊन म्हणाला, 'काय रे, गोल झाला काय?'

म्हटलं, 'बस मेल्या. अजून पाससुद्धा गेला नाही.'